वेटची ओळ

क्लासचे मालक असलेल्या गुरुलिंग सरांच्या कटकटीला कंटाळून कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुकुलनं निकालाच्या प्रोग्राममधली 'वेट'ची ओळ खोडली. लातुरातल्या क्लासचा निकाल परीक्षेच्याच दिवशी लागला पाहिजे, नाहीतर शेजारच्याचा फ्लेक्स आधी चढतो, हा सरांचा धर्म. मुकुल त्या काळ्या स्क्रीनवर एक कमांड द्यायचा आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हींची तपासणी मागच्या मागं एकदमच सुरू व्हायची. 'वेट' म्हणजे तिन्ही उरकेपर्यंत थांब, मगच बेरीज कर. तोवर स्क्रीन गप्प. आणि गप्प बसलेलं सरांना बघवायचं नाही, मग ते मशीन असो की माणूस.

मागं काम चालू आहे, असं मुकुलनं दहादा सांगून पाहिलं. थांबायचं असेल तर घरी जाऊन थांब, असं सर म्हणाले. मग खोडली ओळ. निकाल चुटकीसरशी लागला, सरांनी पाठ थोपटली आणि हा येडा चक्क खूश झाला.

पहिल्या आलेल्या पोरांचा सत्कार उरकल्यावर त्यानं सहज तपासून पाहिलं. बेरीज झाली तेव्हा बायोलॉजीची तपासणी चालूच होती. शेवटच्या बॅचपर्यंत ती पोचलीच नव्हती, म्हणून प्रोग्रामनं त्या पोरांचे मागच्या परीक्षेचे गुण उचलले होते. बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. पडला तो अयोध्याला. बिलोलीकडची ही पोरगी मागच्या परीक्षेला तापानं फणफणत बसली होती. या वेळी खऱ्या गुणांनी ती अख्ख्या क्लासात पहिली होती, आणि निकालात मात्र निवडक हुशार पोरांच्या स्टार बॅचच्या बाहेर. पुढच्या परीक्षेत स्टार बॅच मिळाली नाही तर शिक्षण बंद, गावी चल, असं बापानं बजावलं होतं.

मुकुलनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी चहा संपवला.

"फ्लेक्स लागलाय. एकीसाठी निकाल फिरवला तर उद्या सगळे बाप दारात. तोंड उघडलंस तर नोकरी गेली समज."

दुसऱ्या दिवशी अयोध्याच आपली उत्तरं लिहिलेली प्रश्नपत्रिका घेऊन ऑफिसात मुकुलकडं आली. पोरं वाद घालतात म्हणून बरोबर उत्तरं बोर्डावर लावायचं सरांनी केव्हाच बंद केलं होतं.

"सर, बायोलॉजी लई चांगली गेली होती. कुठं चुकलं तेवढं दाखवा, म्हंजे पुन्हा न्हाई चुकणार."

खरं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण नोकरी डोळ्यांपुढं आली. काहीतरी दाखवणं भाग होतं, म्हणून त्यानं चार प्रश्नांवर बोट ठेवलं. चारही तिनं बरोबर सोडवले होते.

"हे बी?" एका प्रश्नाकडं बघत तिनं विचारलं.

"हे बी," मुकुल म्हणाला.

तिनं वाद घातला नाही. तिथंच उभ्या उभ्या आपली उत्तरं खोडली, शेजारी विचार करून दुसरी लिहिली आणि मान लववून गेली. मुकुलला स्वतःची किळस आली. त्यानं ओळ परत घातली, पण गप्पच राहिला.

पुढच्या परीक्षेत, क्लासच्या रीतीप्रमाणं, बरेच जुने प्रश्न फिरून आले. मशीन या वेळी नीट थांबलं आणि निकाल अगदी बरोबर लागला. अयोध्याचे ते चारही प्रश्न चुकले होते, आणि स्टार बॅच तेवढ्यानंच हुकली.

बाप खाली पेटी घेऊन उभा होता. बिलोलीच्या बसची वेळ होत आली तरी ती मुद्दाम जिना चढून मुकुलकडं आली.

"सर, तुम्ही दाखवलेलं सगळं सुधारून पाठ केलं होतं," ती म्हणाली. "माझंच डोकं कमी हाय."