टपावरचे मुखरूभाऊ

"रामाजी, गाडी थांबवून कुठी चालला?"

"लघवीले, बाई."

"जा. चाबी इथी ठेवून जा."

रामाजी सागांच्या आड गेला, तरी केसरबाईची नजर डिझेलच्या टाकीवरून हलेना. टाकीच्या झाकणाला तिने कालच कुलूप ठोकलं होतं. वडशातल्या तिच्या नाटक कंपनीची ही जीप दोन वर्षांपासून डिझेल नुसती ढोसत होती. ड्रायव्हर जुना म्हणून काय झालं? विश्वास तर पानिपतातच मेला!

भाचा प्रफुल म्हणाला होता, "मामी, त्याच्यावर आळ घेण्याआधी टपावरची पाटी काढून पाहा. वारा अडते तिले."

टपावर उभी पाटी, तीवर राजाच्या वेशात हसणारा तिचा गेलेला नवरा, मुखरूभाऊ. "तुया मामाच डिझेल पेते काय रे?" बाई कडाडली होती. पण परीक्षा ठरली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गडचिरोलीला जाऊन यायचं, पुन्हा भरून किती मावते ते पाहायचं. काल पाटीसकट, आज पाटीशिवाय. दोन्ही दिवस बाई शेजारी पहाऱ्याला.

परत आल्यावर वडशाच्या पंपावर कुलूप तिनेच उघडलं. आकडे फिरले आणि कालच्यापेक्षा कितीतरी आधी थांबले.

"गाडी हलवा! हवा अडकली असंन," बाई म्हणाली.

पंपवाल्याने गाडी गदागदा हलवली. चार थेंबसुद्धा जास्त मावले नाहीत.

केसरबाईने मनाशी हिशेब लावला. पाटी चढवली ती भाऊंच्या पहिल्या पुण्यतिथीला. डिझेल वाढलं तेही तेव्हापासूनच.

"तुमाले ठाऊक होतं, रामाजी?"

"होतं. वाऱ्यानं गाडी मांगं ओढे."

"मंग चोर म्हणवून घेतलं, तोंड काऊन नाई उघडलं?"

"भाऊले खाली उतरवा, असं कोन्या तोंडानं म्हनू, बाई?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपनीच्या ओसरीवर येताच तिने टाकीच्या कुलपाची किल्ली त्याच्यापुढे धरली. "आता तुमच्यापाशीच ठेवा."

रामाजीने ती घेतली नाही. भिंतीला टेकवलेल्या पाटीपाशी तो बसला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने भाऊंच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली आणि गाडीची चाबी पाटीखाली ठेवली.

"नवा मानूस पाहा, बाई. दुसरा गेर जरा अडते, त्याले सांगून ठेवजा."

चपला घालून तो रस्त्याला लागला. दोन दिवस त्याला पावलोपावली हटकणाऱ्या केसरबाईच्या तोंडून 'कुठी चालला' एवढं मात्र आता काही केल्या निघेना.