लिचीचा गारठा

आमच्या अप्पांना कुणी काही सांगावं! बागेच्या काचघरात माळी होते तेव्हाही ऐकत नव्हते, छातीचं दुखणं घेऊन घरी बसल्यावर तर विचारूच नका. त्यांच्या जागी दादा लागला, मी तिथेच कलमं बांधते. तरी अप्पा रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि लिचीखाली खुर्ची टाकून बसायचे. घरातल्या ओल आलेल्या भिंतींपेक्षा तिथे ऊब होती. आणि लिची त्यांनी स्वतः लावलेली.

ते बसायला लागले तेव्हापासून तिला मोहोर नव्हता. यंदाही नाही आला तर झाड काढायचं, असं बागेच्या साहेबांनी बजावलं होतं. त्या दिवशी अप्पा धड जेवले नाहीत.

हिवाळा नुकताच लागला होता. अप्पांनी एक फांदी खाली ओढली. शेंड्याला तांबूस पालवी फुटली होती. मला वाटलं, चला, झाड खुशीत आहे. अप्पांचा मात्र चेहरा उतरला.

"आत्ता पालवी? हिला हिवाळा कळलाच नाही गं." मग दादाकडे वळून म्हणाले, "हीटर किती ठेवतोस रे?"

दादा खाली बघत म्हणाला, "तुम्ही खोकता, म्हणून जरा चढवतो."

"अरे गाढवा! बारमाही उकाडा लागणारी झाडं पलीकडच्या काचघरात. लिची, संत्रं, कापूर यांचा मुलूखच निराळा. उन्हाळ्यात घामटं काढणारा, पावसाचा, पण हिवाळ्यात गार पडणारा. पानं गळत नाहीत यांची, पण गारठ्यात झाड थांबतं, आणि थांबलं तरच मोहोर धरतं. फक्त बर्फ नको. शिकवलं नव्हतं मी?"

"शिकवलं होतं."

अप्पांनी काठी ओढून घेतली. मग उठले. "खालच्या फांद्यांना पालवी नाही, त्या अजून निजल्यात. त्या तरी साधतील. खिडक्या उघड."

माझं डोकंच फिरलं. "झाड मोठं की तुम्ही?"

"मी घरी बसेन. झाडाला कुठे जाता येतंय?"

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. घरी गोधडीत बसून राहायचे. दादा कामावरून आला की एकच प्रश्न, "गार होतं का रे?" खोकला वाढत गेला. डॉक्टर झाले, औषधं झाली. मी रोज भांडले त्यांच्याशी, रडलेसुद्धा. हिवाळा सरायच्या आत अप्पा गेले.

मग खालच्या फांद्यांना मोहोर आला. बारीक, हिरवट पांढरा, दिसायला काहीच नाही. साहेब येऊन बघून गेले, म्हणाले, "राहू दे झाड."

दादाने कोपऱ्यातली खुर्ची पुसून लिचीखाली ठेवली. बाहेर वारं सुटलं होतं. तो सवयीने खिडकी लावायला गेला.

"नको लावूस," मी म्हटलं. "आता खोकतंय कोण?"