पट्ट्याचं वाक्य

"लहानूभाऊ, यावर्षी पुस्तक नाई छापाचं," सुनिलभाऊ मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले. "मशीनवर स्टिकर लावून टाकू. कास्तकारानं स्कॅन केलं का रंजीताचा व्हिडिओ सुरू."

मी हातातली सव्वीस पानं त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि कोणी बघत नाही हे पाहून परत उचलली.

आरमोरीत सुनिलभाऊंचा धान मळणी यंत्रांचा कारखाना आहे. यंत्रासोबत जाणारी माहिती पुस्तिका एकोणीस वर्षं मी लिहितो. नुसतं टेबलाशी बसून नाही. वाक्य लिहायचं, गावातल्या खळ्यावर जायचं आणि यंत्राला कधी हात न लावलेल्या माणसाला ते वाचून दाखवायचं. त्यानं ऐकलं तेवढंच करायचं. जिथे त्याचा हात अडला, तिथे माझं वाक्य चुकलं. पुस्तिकेवर माझं नाव नसतं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

रंजीता दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या कामावर लागली. पाना चांगला चालवते, हे कबूल. पण पान्यापेक्षा फोन जास्त चालवते, हेही खरं. बेअरिंग बदलतानाचा तिचा एक व्हिडिओ ऐंशी हजार लोकांनी पाहिला. ऐंशी हजार! माझी पुस्तिका तेवढ्या लोकांनी उघडलीही नसेल. मार्कंड्याच्या जत्रेत बायका तिच्यासोबत फोटो काढायला थांबल्या. हे मला माझ्याच बायकोनं सांगितलं, आणि वर म्हणाली, "केवढी गोड बोलते जी ते पोरगी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या शनिवारी सकाळी रंजीतानं मला एक नवा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "लहानूभाऊ, टाकाच्या आधी एकदा पाहून घ्या जी."

पाहिला. यंत्रात पेंढा अडकला तर काय करायचं, याचा होता. माझंच चौदावं पान, माझीच वाक्यं, फक्त तोंड तिचं. मोटर बंद करा, झाकण उघडा, पेंढा ओढून काढा. मधलं एक वाक्य मात्र नव्हतं. लाईन गेली असली तरी आधी पट्टा काढा.

ते वाक्य मला कुंताबाईंमुळे मिळालं होतं. वैरागडकडच्या त्यांच्या खळ्यावर मी वाचत होतो, आणि मध्येच वीज गेली. यंत्र थांबलं. मी पुढचं वाचायच्या आत त्यांनी आत हात घातला. लाईन गेली की मोटर बंद झाली, असंच आमच्याकडे सगळे समजतात. बटण मात्र चालूच होतं. त्यांनी मूठभर पेंढा बाहेर ओढला आणि त्याच क्षणी लाईन आली. हात बाहेर होता म्हणून वाचला. मोटरवरचा पट्टा काढलेला असला की लाईन आली तरी यंत्र फिरत नाही. तेव्हापासून ते वाक्य मी जाड अक्षरांत छापायला लावतो.

व्हिडिओ एका मिनिटात बसवायला रंजीतानं नेमकं तेच गाळलं होतं. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. 'पट्टा राहिला' एवढे दोन शब्द लिहायचे होते. मी फोन पालथा ठेवला आणि चहा परत गरम करून घेतला. होऊ दे म्हटलं फजिती. कोणाचं तरी बोट जाईल, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. दुपारपर्यंत वाट बघून तिनं व्हिडिओ टाकला. रविवारी मी चार वेळा उघडून किती जणांनी पाहिला ते बघितलं.

सोमवारी कारखान्यात गेलो तर रंजीता पांढरीफटक पडलेली. व्हिडिओखाली कुंताबाईंनी सुनेकडून लिहून घेतलं होतं, "बाई, पट्टा कोन काढन? लाईन येऊन जाईन ना. आमच्या पुस्तकात लिवलं हाये." त्याच्याखाली अहेरीच्या एकानं लिहिलं होतं, "मी कालच हात घातला व्हता. थोडक्यात वाचलो."

तेवढ्यात सुनिलभाऊ तणतणत आले. "लहानूभाऊ, तुमाले तं सारं तोंडपाठ हाये. तुमी पाह्यला नाई का हा व्हिडिओ?"

"नाई जी," मी म्हणालो. "मी कुठी पाह्यतो ते फोनमधलं."

रंजीतानं माझ्याकडे पाहिलं. फोन तिच्या हातातच होता. तिच्या निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटून दोन दिवस झाले होते. तिनं फोन नुसता पुढे धरला असता तरी माझी एकोणीस वर्षं तिथेच संपली असती.

"मी दाखवलाच नाई त्याईले," ती म्हणाली. "माह्यीच घाई झाली."

मग दहा मिनिटं सुनिलभाऊ तिला नाही नाही ते बोलले. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मीही ऐकलं, आणि तोंड उघडलं नाही. शेवटी ते माझ्याकडे वळले. "छापा तुमचं पुस्तक. निदान पुस्तकानं कोनाचा हात तं नाई जात." आणि निघून गेले.

म्हणजे मी जिंकलो होतो. सव्वीस पानं माझ्या समोर होती आणि मला ती उचलावीशी वाटत नव्हती. तिचे ऐंशी हजार, जत्रेतले फोटो, गोड आवाज, सगळ्याचा हेवा करून झाला होता. पण आत्ता तिनं जे केलं, ते मला कधीच जमलं नसतं. त्या हेव्यानं माझ्या पोटात अक्षरशः दुखायला लागलं.

"काऊन केलं असं?" मी कसंबसं विचारलं.

तिनं खिशातला पेन काढला. "जुना व्हिडिओ काढून टाकला जी. आता दुसरा बनवतो," ती म्हणाली. "ते पट्ट्याचं कसं लिवलं तुमी? बराबर तसंच सांगा."

मी सांगितलं. जवळ कागद नव्हता म्हणून ती तळहातावर लिहायला लागली. हाताला ऑईल होतं, पेन उमटेना. ती तेच तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत राहिली.