आईची साखर

"पण डॉक्टर, मी रोज दोन किलोमीटर पोहते. गेली सव्वीस वर्षं." बाईंनी रिपोर्टचा कागद टेबलावर परत सरकवला, जणू चुकून दुसऱ्याच कुणाचा हाती आला होता.

"म्हणूनच मधुमेह सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत थांबला. नाहीतर त्यानं कदाचित पस्तिशीतच गाठलं असतं. घरात कुणाला होता?"

"आईला. पण तिचं वेगळं. तिचा जिभेवर ताबा नव्हता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खाण्यापिण्याचा वाटा असतोच. पण काहींच्या जनुकांतच बारीक बारीक फरक असतात. एकेकट्यानं फारसं बिघडत नाही, पुष्कळ एकत्र आले की इन्शुलिन कमी पडायला लागतं. तुमच्यात काय उतरलं ते तुम्ही निवडलं नाहीत. आईनंही निवडलं नव्हतं."

शेवटचं वाक्य बाईंच्या कानात अडकलं ते अडकलंच.

बाई तरणतलावावर पोहायला शिकवत. अंगानं काटक, आवाज खणखणीत. ओल्या फरशीवर धावणाऱ्याची खैर नसे. आई शेवटची सहा वर्षं त्यांच्याकडे होती. तिची नजर अधू झाली होती. बाईंनी तिलाही शिस्तीत बसवलं: मोजून जेवण, वेळेवर इंजेक्शन, जिन्याच्या दहा फेऱ्या. तरी साखर खाली येईना. म्हणजे चोरून खात असणार, दुसरं काय? एके दिवशी चादर बदलताना उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला आणि बाईंचं डोकं फिरलं.

"लाज नाही वाटत? या वयात चोऱ्या?"

"अगं, मधेच हातपाय गळतात. डोळ्यापुढे अंधारी येते. तेवढ्यापुरतं एखादं..."

"बहाणे पुरेत."

त्या दिवसापासून खायच्या वस्तू कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली बाईंच्या पर्समधून तलावावर जाऊ लागली. कधी दुपारी लवकर घरी यावं, तर आई कपाटासमोर उभी असायची, दारावरून तळवा फिरवत. चाहूल लागली की हात मागे घ्यायची. त्याच वर्षी ती हृदयविकारानं गेली. कुलपाचा आणि तिच्या जाण्याचा संबंध कुणी जोडला नाही. बाईंनीही नाही.

आता अकरा वर्षांनी, दुपारी घर शांत झालं की तो आवाज यायचा. कोरडा तळवा लाकडावरून फिरल्याचा. बाई उठून जायच्या. तिथे कुणी नसायचं. त्या परत येऊन बसायच्या आणि आवाज परत सुरू व्हायचा.

शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलीचा फोन आला. "आई, मीही तपासून घेऊ का?"

"घे. पण काहीही निघालं तरी त्यात तुझी चूक नाही. कळलं?"

"आई, तू बरी आहेस ना?"

काही महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी बदलली. ती घेतल्यावर जेवण चुकवू नका म्हणाले. एका शुक्रवारी तलावाचा पंप बंद पडला आणि त्या धावपळीत डबा तसाच राहिला. चार वाजता बायकांच्या वर्गाला बाई काठावर उभ्या राहिल्या आणि कपाळावर गार घाम आला. ओठ बधिर झाले. पाणी एका बाजूला कलल्यासारखं दिसू लागलं. भिंत चाचपत त्या कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या. बाकावर कुणाची तरी पिशवी होती. थरथरत्या हातांनी त्यांनी ती उपसली. रुमाल, कंगवा, बिस्किटं. दातांनीच पुडा फोडून त्यांनी दोन-दोन बिस्किटं तोंडात कोंबली.

दारात पिशवीची मालकीण उभी होती. वर्गातली सगळ्यात वयस्कर, निवृत्त नर्स. अंगावरून पाणी निथळत होतं.

बाईंच्या तोंडात घास होता. खाली मान घालून त्या उभ्या राहिल्या.

"साखर उतरली ना?" नर्स म्हणाली. "खा, अजून खा."

"न विचारता घेतली मी..."

"विचारायचं भान असतं होय तेव्हा? आमच्या वॉर्डात एका हेडमास्तरांनी शेजारच्याचं खोकल्याचं औषध संपवलं होतं. गोड लागलं म्हणाले." तिनं बाईंना बाकावर बसवलं आणि त्यांचं मनगट हातात घेतलं.

"तिला असंच होत होतं," बाई म्हणाल्या. "सांगितलं होतं तिनं. मी काढून घेतली."

"कुणाला?"

"आईला. कुलूप लावलं मी."

नर्सनं तुमची काय चूक वगैरे काही म्हटलं नाही. बाहेरून हाक आली, "बाई, पुढे काय करायचं?"

"पाय मारत राहा गं, येतायत बाई!" नर्सनं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पंधरा मिनिटं हलायचं नाही. कुणी रागावत नाही तुम्हाला."

बाई गपचूप बसून राहिल्या. बाहेर पाण्यावर पाय आपटत होते. हाताची थरथर हळूहळू कमी झाली. नाडी केव्हाच मोजून झाली होती. तरी नर्सनं मनगट सोडलं नाही.