मामाच्या मिशा

"माझ्या मामाला मोठ्या मिशा आहेत," एतेरी उभी राहून म्हणाली, आणि अख्खा वर्ग हसून लोळायला लागला.

फोगेलसरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "एतेरीबाई, तुमच्या आईला मिशा?"

"आई नाही हो सर! मामा, मामा!" ती ओठावरून बोटं फिरवून दाखवायला लागली, तसा हशा आणखीच वाढला. तिच्या खोलीत राहणारी बल्गेरियाची रुम्याना बाक बडवत ओरडली, "अगं बये, थांबलीस का? आता दाढी पण लाव आईला!"

जर्मन माणूस आईला मामा म्हणतो. एतेरीच्या जॉर्जियात मामा म्हणजे बाप, आणि आई ती देदा. याला कोण काय करणार? मराठी वाचकाला या शब्दानं तिसराच कुणी आठवेल, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

"परीक्षेत एवढा घोळ घालू नका," सर म्हणाले. "वडील म्हणायचं. घोकून ठेवा."

एतेरीनं घोकलं. तिशी ओलांडलेली बाई, वर्गातली बाकी पोरं विशीतली. खाली भाषाशाळा, वर वसतिगृह, आणि दोन्हींच्या मध्ये जिन्यापाशी वसतिगृह सांभाळणाऱ्या कूनर्टबाईंची काचेची खोली. जर्मनीतल्या हाल्ले शहराचं एतेरीनं एवढंच पाहिलं होतं. ही परीक्षा पास झाली की तिला इथल्या इस्पितळात नर्सची जागा मिळणार होती, आणि जागा मिळाली की मामाला इकडे आणून त्याची छाती दाखवता येणार होती. बाकी तिला जर्मन भाषेशी काय देणंघेणं?

मामा, म्हणजे वलिको, चिआतुराच्या खाणीवरचा रोपवे चालवून म्हातारा झाला होता. सोव्हिएत देश मोडला, वीज गेली, रोपवे अर्ध्यात लटकला, आणि म्हाताऱ्याच्या छातीत धूळ तेवढी राहिली. निघताना तो फाटकापर्यंत आला होता. "जा, मामिको. पास झालीस की मला बोलाव. जर्मन डॉक्टरनं छातीला कान लावला ना, की असा खोकतो बघ, त्याच्या कानाचे पडदेच फाडतो." तिकडे आईबाप लेकराला आपल्याच नात्याच्या नावानं हाक मारतात. बाप मुलीला मामिको म्हणतो, आई देदा म्हणते.

आई दारेजान मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिथूनच ओरडली, "चाललीस ना आम्हाला टाकून? मग माझ्या मयताला पण येऊ नकोस!" त्यानंतर पत्रं आली ती भावाची, गोचाची. देदा ही हाक एतेरीच्या कानावर पडली नाही ती नाहीच.

परीक्षेच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, काचेच्या खोलीतला फोन वाजला. चिआतुराच्या पोस्टातून गोचा बोलत होता. सोव्हिएत लष्करात असताना तो जर्मनीतच होता, तेवढ्यावर त्याला जर्मनचे दहा-वीस शब्द यायचे. लाइन खरखरत होती आणि गडी हमसून रडत होता. रडताना माणूस आपल्या घरचा शब्द बोलतो. तो म्हणाला, "मामा... मरण... एतेरीला सांगा." आणि लाइन तुटली.

कूनर्टबाई कडक होत्या, जिन्यात चपलांचा आवाज खपवून घ्यायच्या नाहीत. पण मनानं चांगली बाई. त्यांनी विचार केला, मामा हा तर लहान पोरांचा शब्द, अशा प्रसंगी शोभत नाही. त्यांनी एतेरीला खुर्चीत बसवलं, दार लावून घेतलं, स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एतेरीबाई, आपल्या मातोश्रींचं निधन झालं."

घात झाला तो असा. बाईंनी ऐकलेला शब्द जसाच्या तसा सांगितला असता, तर एतेरीला सगळं तिथल्या तिथे कळलं असतं.

एतेरीनं दिवसभर उलटा फोन लावून पाहिला. चिआतुराची लाइनच नव्हती. कूनर्टबाईंनी आपली काळी लोकरी शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि दोनदा चहा आणून दिला.

"मग निघतेस कधी?" रुम्यानानं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

"कशी निघू? एकदा देशाबाहेर पडले की पुन्हा आत घेणार नाहीत. परीक्षा शुक्रवारी आहे."

"आई गेलीय तुझी, एतेरी."

"तिनंच सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून!" एतेरी किंचाळली आणि मग शालीत तोंड खुपसून रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाप आहे अजून. त्याच्यासाठी आलेय मी. आता मी गेले तर त्याला कोण आणणार इकडे? हां, तो गेला असता ना, तर व्हिसा गेला खड्ड्यात, अनवाणी चालत गेले असते."

रुम्यानानं एतेरीचे ओले मोजे उचलून हीटरवर वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी एतेरीनं तार केली. 'परीक्षा आहे. येता येत नाही. मामाकडे नीट लक्ष द्या.'

शुक्रवारी तोंडी परीक्षेत समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या घरच्यांविषयी सांगा." एतेरीनं शाल सावरली. "माझी आई नुकतीच वारली," ती म्हणाली, आणि बाई कळवळल्या. "माझे वडील रोपवे चालवायचे. त्यांना मोठ्या मिशा आहेत. ते माझी वाट बघताहेत." एकही चूक नाही. संध्याकाळी फोगेलसरांनी जिन्यातच तिचा हात हातात घेतला. पास झाली होती, आणि चांगली पास झाली होती.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, एक्स्चेंजनं चिआतुराचा फोन जोडून देतो म्हणून कळवलं, तशी कूनर्टबाईंनी खालून हाक मारली, "एतेरीबाई, तुमच्या घरून फोन!" आणि तिला मोकळं बोलता यावं म्हणून त्या बाहेर जाऊन जिना पुसायला लागल्या.

एतेरीनं फोन कानाला लावला. "ऐकू येतंय का गं?" आईचा आवाज. दारेजानचा. तोच, स्वयंपाकघरातून ओरडणारा.

"देदा!" एतेरी ओरडली. "देदा! देदा!" ती हसत होती, खुर्चीला धरून वेड्यासारखी हसत होती. असा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता.

"हसतेस की रडतेस, काही कळेना मला," दारेजान म्हणाली. "तुझी तार मिळाली हो. मामाकडे लक्ष द्या म्हणालीस. दिलं. लग्नातला कोट घातला त्याला. मिशा मी स्वतः विंचरल्या, त्याला आवडायच्या तशा, टोकं वर करून."

एतेरीचं हसू अजून तोंडावरच होतं. ते उतरवायचं कसं, तेच तिला सुचेना.

"पाच दिवस ठेवला होता घरात. बायका उशापायथ्याशी बसून, पुरुष अंगणात उभे. तार आली तरी गोचा म्हणायचा, ती येईल, मामा गेला म्हटल्यावर ती थांबायची नाही. मीही म्हटलं, माझ्यासाठी नाही आली तरी त्याच्यासाठी येईल. मग पाद्री म्हणाले, आता पुरे. का नाही आलीस गं?"

एतेरीनं तोंड उघडलं. सांगायचं होतं ते एका वाक्याचं. मला वाटलं, तू गेलीस. पण ते सांगायचं म्हणजे त्याच्यापुढचंही सांगणं आलं, की तू गेलीस म्हणून मी आले नाही. बाप गमावला होता. आता उरलेल्या आईला हे ऐकवायचं? ज्या हसण्यानं तिनं बापाच्या मरणाची बातमी ऐकली, त्या हसण्याची तिला किळस आली.

"परीक्षा होती," ती म्हणाली.

"मग? झालीस पास?"

"झाले."

"झालं तर मग. त्याला तेच हवं होतं." आणि मग, इतक्या महिन्यांनी, दारेजान म्हणाली, "जेवतेस ना वेळेवर, देदा?"

लाइन तुटली. एतेरी रिकामा फोन कानाशी धरून उभी राहिली. ज्याला इकडे आणायचं तो मिशा विंचरून मातीत गेला होता, आणि ती आता इथे कुणासाठी आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

कूनर्टबाई हात पुसत आत आल्या. "घरी सगळं ठीक ना? कोण बोलत होतं?"

एतेरीनं त्यांच्याकडे पाहिलं. या बाईनं आपली शाल दिली होती, चहा आणून दिला होता. खरं सांगितलं तर ही जन्मभर फोन उचलायला भिईल.

"वडील," ती म्हणाली. शब्द अगदी बरोबर आला.

"देवाची कृपा," कूनर्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "निदान वडील तरी आहेत तुम्हाला."

"हो," एतेरी म्हणाली. दारापाशी जाऊन ती थांबली. "कूनर्टबाई, तुमची शाल मला अजून थोडे दिवस लागेल."