तीनशे बारावी सुपारी

रविवार, २५ जानेवारी. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ब्राह्मणपुरीच्या दगूबाई नवनीत पाटील यांनी प्रकाशा गावच्या समाज सभागृहात पुढे येऊन तांब्याच्या ताटात एक सुपारी ठेवली. त्यांचे वय एकसष्ट. त्या स्वयंपाकघरातून आल्या होत्या. तिथे बायका दुपारच्या जेवणासाठी वांगी चिरत होत्या. हात पदराला पुसलेले होते आणि पदर कपाळाखाली ओढलेला होता. सुपारी ठेवून त्या भिंतीकडे सरकल्या, पण बाहेर गेल्या नाहीत.

सभागृहात त्या वेळी तीनशेहून अधिक पुरुष बसले होते. बाई ताटापर्यंत आल्याची या सभेतली ही पहिलीच वेळ, असे जुन्यांचे म्हणणे आहे. त्याची कुठे नोंद नाही, कारण आजवर नोंद करण्यासारखे काही घडलेच नव्हते.

तापीकाठच्या चौदा गावांचे हे समाज मंडळ. ऊस, केळी आणि कापूस करणारी ही घरे काही पिढ्यांपूर्वी गुजरातेतून इकडे आली. लग्नाचा खर्च, बाराव्याचे जेवण, शिकणाऱ्या मुलांचे वसतिगृह, सोयरिकीतली भांडणे, सगळे मंडळाच्या घटनेप्रमाणे चालते. ती घटना २६ जानेवारी १९५० रोजी एका शाळामास्तरांनी वहीत लिहून काढली. देशाच्या उद्देशिकेची सुरुवात त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती. त्यामुळे वहीची पहिली ओळ अशी आहे: 'आम्ही, चौदा गावांचे लोक.' दुसऱ्या पानावर लिहिले आहे की सभासद म्हणजे उंबऱ्याचा कर्ता पुरुष.

मताची पद्धत त्याहून जुनी. सभेआधी प्रत्येक उंबऱ्यावर एक सुपारी पोचते. सभेच्या दिवशी घरातला कर्ता ती घेऊन येतो. मंजूर असेल तर तांब्याच्या ताटात ठेवतो, नामंजूर असेल तर पितळेच्या. मोजणीला समाजाबाहेरचा माणूस लागतो. प्रकाशाचे धान्याचे व्यापारी माणकचंद एकोणीस वर्षे ही मोजणी करत आले आहेत. त्यांच्याआधी त्यांचे वडील करत.

यंदाच्या सभेपुढे नवी घटना होती. शहाद्याच्या कोर्टात वकिली करणारे भावेश पाटील यांनी ती दीड वर्ष खपून तयार केली. तिच्या तिसऱ्या कलमात उंबरा हा शब्द नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती सभासद, पुरुष असो की बाई, एवढेच आहे. जुनी घटना बदलायची तर ताटांत पडलेल्या एकूण सुपाऱ्यांपैकी दोन तृतीयांश तांब्याच्या ताटात पडाव्या लागतात.

दगूबाईंचा प्रश्न याहून साधा होता. त्यांचे पती नवनीत मागच्या फाल्गुन शुद्ध पंचमीला वारले. मुलगा नाही. मुलगी मयूरी शहाद्याला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कर्ता गेला की एक वर्ष त्या घरी सुपारी जाते. ती हळदकुंकू लावून देतात आणि तिला मानाची सुपारी म्हणतात. घरचे लोक ती देव्हाऱ्यात ठेवतात. वर्षश्राद्धापर्यंत पुढे कर्ता उभा राहिला नाही तर घराचे नाव यादीतून निघते. मग त्या दारात लग्नाची सुपारी येत नाही, बाराव्याचे बोलावणे येत नाही. कोणी वाईट बोलत नाही, बोलणेच थांबते. नवनीतच्या चुलतीचे घर असेच निघाले होते. ती पुढे अकरा वर्षे त्याच घरात राहिली. समोरच्या घरातले लग्न तिने ओट्यावर बसून पाहिले.

नवी घटना मंजूर झाली तर दगूबाईंचे नाव राहणार होते. नाही झाली तर पंचमीला जाणार होते.

माणकचंदांनी रीतीप्रमाणे गावागावाचे नाव घेतले. ब्राह्मणपुरी शेवटी होती. तिसऱ्यांदा 'ब्राह्मणपुरीचं कोणी राहिलं का?' असे विचारल्यावर दगूबाई आल्या होत्या.

मोजणी दहा-दहाच्या ढिगांनी झाली. पितळेच्या ताटात एकशे चार, तांब्याच्या ताटात दोनशे आठ. एकूण तीनशे बारा. माणकचंदांनी पुन्हा मोजले, मग तिसऱ्यांदा मोजले. तीनशे बाराचे दोन तृतीयांश बरोबर दोनशे आठ होतात. तांब्याच्या ताटात एका सुपारीवर कुंकू होते. ती बाजूला काढली तर एकूण तीनशे अकरा राहतात आणि मंजुरीला दोनशे आठच लागतात. ताटात मात्र दोनशे सात उरतात.

म्हणजे दगूबाईंची सुपारी धरली तर नवी घटना मंजूर होती आणि त्या घटनेप्रमाणे दगूबाई सभासद होत्या. नाही धरली तर नवी घटना पडत होती आणि जुन्या घटनेप्रमाणे ती सुपारी धरता येत नव्हती. हे लक्षात यायला सभागृहाला चार-पाच मिनिटे लागली.

अध्यक्ष सुपडू पाटील, वय शहात्तर, उभे राहिले. त्यांना सगळे सुपडूनाना म्हणतात. ते नवनीतचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे दगूबाईंचे जेठ. या समाजात धाकटी भावजय जेठाशी समोरासमोर बोलत नाही आणि जेठही तिच्याशी बोलत नाही. दगूबाईंच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली होती. दोघांत थेट एक शब्द झालेला नव्हता. नाना माणकचंदांकडे वळून म्हणाले की बाईंना सांगा, ती सुपारी मानाची, ताटाची नव्हे.

दगूबाई पाच पावलांवर होत्या. त्यांनीही माणकचंदांनाच सांगितले.

"शेठ, त्यास्ले इचारा, हाई कोठे लिखेल शे?"

वही आणली गेली. भावेश वकिलांनी पाने चाळली. मानाच्या सुपारीचा उल्लेख कुठेच नव्हता. सातव्या पानावर एक वाक्य सापडले ते असे: 'ज्या उंबऱ्यावर सुपारी पोचली, त्या उंबऱ्याचा शब्द धरावा.' भावेशनी ते दोनदा वाचले. मागून कोणीतरी दुसरे पान वाचायला सांगितले, तिथे कर्ता पुरुष होता. मानाची सुपारी ताटात टाकू नये, असे मास्तरांनी लिहिले नव्हते, कारण कोणी टाकेल असे त्यांना वाटले नसावे.

वाद वाढला. ज्यांचे नाव सांगण्यात आलेले नाही अशा एका सभासदाने भावेशना विचारले, "वकीलसाहेब, तुमच्या घटनेत बायास्ले मत शे. मग तुमची माय आज कोठे बसेल शे?" भावेशची आई स्वयंपाकघरात बट्ट्या तळत होती. बरेच जण हसले.

हसणे ओसरल्यावर दगूबाई पुन्हा माणकचंदांकडे पाहून बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"शेठ, देशना मतदानमा मन्हा बोटले शाई लागस. आठे कोन्हं बोट लागस, ते त्यास्ले इचारा."

नाना खाली बसले. त्यांनी स्वतः सकाळी नव्या घटनेच्या बाजूने, तांब्याच्या ताटात सुपारी ठेवली होती आणि ते सर्वांनी पाहिले होते. तरीही त्यांचे मत असे पडले की नियम बदलायचा तर तोही नियमानेच बदलावा लागेल. आज चांगल्या कामासाठी एक सुपारी जास्त धरली तर उद्या वाईट कामासाठीही धरतील, असे त्यांनी शेजारच्यांना सांगितले.

निकाल जाहीर करा, असे दोन्ही बाजूंनी माणकचंदांना म्हटले. त्यांनी नकार दिला. "मी सुपाऱ्या मोजल्या," ते म्हणाले. "माणसं मोजायचं काम तुमचं."

दोन्ही ताटांतल्या सुपाऱ्या दोन वेगळ्या फडक्यांत बांधल्या गेल्या. गाठींवर लाख लावून त्या माणकचंदांच्या दुकानात ठेवण्यात आल्या. तिथे त्यांच्या आई जडावबाई, वय अठ्ठ्याऐंशी, गादीवर बसलेल्या असतात. गाठोडी विकायच्या सुपारीपासून लांब ठेव, नाहीतर चौदा गावांची घटना कोणीतरी पानात घालून खाईल, असे त्या मुलाला म्हणाल्या. माणकचंदांनी ती तिजोरीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सव्वीस तारखेला, सभागृहापुढे नेहमीप्रमाणे झेंडावंदन झाले. मुलांनी उद्देशिका म्हटली. नाना आणि भावेश दोघेही हजर होते. एकमेकांशी ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल बोलले.

मंगळवारी भावेश धर्मादाय कार्यालयात जाऊन आले. घटनादुरुस्तीचा अर्ज ठरावाच्या प्रतीसह येऊ द्या, मग पाहू, असे तिथे सांगण्यात आले. ठराव झाला की नाही हेच ठरायचे आहे, असे भावेशनी सांगितले. ते मंडळाने ठरवायचे, असे उत्तर मिळाले. नव्या घटनेत अशा वादांसाठी तीन जणांची तक्रार समिती आहे. जुनीत नाही.

बुधवारी कार्यकारिणी बसली. नऊ जण होते. सुपारी धरावी म्हणणारे चार, धरू नये म्हणणारे चार. नववे मत अध्यक्षांचे. वाद त्यांच्याच घरचा असल्याने आपण मत देणार नाही, असे नानांनी सांगितले आणि ते बदलायला कोणी त्यांना भाग पाडू शकले नाही. तीन तासांनी एक तोडगा निघाला. सभा पुन्हा घ्यायची. त्या सभेत उंबऱ्यावर पोचलेली प्रत्येक सुपारी धरायची, मानाची असो की ताटाची. दोन्ही बाजूंनी हे लगेच मान्य केले, कारण दोघांच्या मनात वेगवेगळ्या तारखा होत्या.

सभेची तारीख अध्यक्ष ठरवतात. नोटीस पूर्ण एकवीस दिवसांची लागते. नवनीतचे वर्षश्राद्ध रविवारी, २२ फेब्रुवारीला आहे. सभा त्याआधी झाली तर दगूबाईंच्या दारात सुपारी जाणार आणि धरली जाणार. नंतर झाली तर जाणारच नाही. पहिल्या बाजूला शनिवार, २१ फेब्रुवारी हवा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कारखान्याकडे ऊस चालू आहे, माणसे शेतात आहेत, होळी झाल्यावर निवांत घ्यावी. दोन्ही तारखा नियमात बसतात. एकवीसची सभा हवी तर नोटीस ३१ जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत फलकावर लागली पाहिजे.

गुरुवार आणि शुक्रवार नानांनी मंडळातल्या कोणाला भेट दिली नाही. शुक्रवारी ते माणकचंदांच्या दुकानात जाऊन बसले होते. काय बोलणे झाले, असे नंतर विचारल्यावर माणकचंद म्हणाले की गव्हाचा भाव.

शनिवारी दुपारी साडेतीनला दगूबाई नानांच्या घरी आल्या. मयूरी बरोबर होती, पण ती फाटकापाशी थांबली. नाना ओट्यावरच्या खाटेवर बसले होते. टाइप केलेली नोटीस पुढ्यात होती आणि तारखेची जागा कोरी होती. नानांच्या सुनेने आतून येऊन मध्ये उभे राहण्याचा प्रयत्न केला. बोलणे पोचवायला कोणीतरी लागते. दगूबाईंनी तिला हाताने बाजूला व्हायला सांगितले. पदर होता तिथेच राहिला.

"नाना," त्या म्हणाल्या, "माले काही नको. कागदवर तारीख लिखा."

सुनेने नंतर सांगितले की नाना आधी सुनेकडे, मग मयूरीकडे पाहत राहिले. आपल्याशीच बोलले गेले, याची त्यांना खात्री करून घ्यायची असावी. मग तेही थेट बोलले.

"कोणती लिखू, हाऊच इचार मी चार दिनफाईन करी ऱ्हायनू."

"कोणतीबी लिखा. पण तुम्ही लिखा. होळीनंतरनी लिखशात तर मन्हं नाव तुम्ही काढं, हाई माले समजी. नियमनी काढं, असं नका सांगू."

नानांनी पाणी मागितले. दगूबाई पाण्यासाठी थांबल्या नाहीत. पावणेचारला त्या मयूरीच्या स्कूटरवर बसून ब्राह्मणपुरीकडे गेल्या.

चार वाजता पुरुषोत्तमनगरहून दुसऱ्या बाजूचे दोघे आले आणि वीस मिनिटे बसून गेले. साडेचारला भावेशचा फोन आला. तो नानांनी घेतला नाही.

सभागृहाचे राखणदार गोवाल नेहमी नोटिशीबरोबरच सुपाऱ्या घेऊन चौदा गावांच्या फेरीला निघतात. त्यांनी दुपारीच नवे पोते उघडून सुपाऱ्या सुपात काढल्या होत्या. फुटक्या वेगळ्या केल्या, बाकीच्यांचे दहा-दहाचे ढीग लावले. एकतीस ढीग आणि वर एक. त्याशेजारी आणखी एक सुपारी आणि हळदकुंकवाची वाटी ठेवली होती. ती वाटी लागणार आहे का, असे त्यांनी पाच वाजता फोन करून नानांच्या घरी विचारले. नाना ओट्यावर आहेत, कागद समोर आहे, असे सुनेने सांगितले.

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत फलकावर नोटीस लागलेली नव्हती.