प्रत काढावी की नाही

मी, एक अंदाज, बोलतोय. लिंत्स शहरातल्या विद्यापीठात, एका कंपायलरच्या पोटात माझं बिऱ्हाड आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणं हे कंपायलरचं काम. त्यात माझ्या वाट्याला एकच प्रश्न येतो: प्रत काढावी की नाही?

कसली प्रत, ते आमच्या मजल्यावरच्या कॉफीच्या यंत्रावरून सांगतो. तिथे दोन पॅसेज मिळतात. डावीकडून येणारे कोरी कॉफी पितात, उजवीकडून येणारे दुधाची. यंत्र मात्र प्रत्येकाला विचारतं, दूध हवं का? दोन पॅसेजना दोन यंत्रं दिली तर विचारायलाच नको. प्रोग्राममध्येही अशा वाटा एकत्र येतात. पुढच्या भागाची प्रत काढून प्रत्येक वाटेला वेगळी दिली, की प्रश्न वाचतात आणि काम झटपट होतं. पण प्रती फार झाल्या की प्रोग्राम फुगतो, आणि फुगला की रेंगाळतो.

पूर्वी आमचा कंपायलर खरोखरच प्रत काढून बघायचा आणि फायदा नसला तर पुसायचा. तोवर लोक जेवून परत यायचे! मग रोसविताने मला घडवलं. ती इथे डॉक्टरेट करत होती. समजा प्रत काढली, तर काय वाचेल? एवढं मी मनातल्या मनात बघून सांगायचं. मला हे काम भारी आवडलं. दिसेल त्या वळणावर मी डोकवायचो.

पण मी निघालो हावरा. जरासा फायदा दिसला की माझं आपलं, काढा प्रत! चाचणीचा एक मोठा प्रोग्राम जवळजवळ दुप्पट झाला आणि आधीपेक्षा हळू चालू लागला. कंपायलर सांभाळणारे ऑटोकार तणतणत आले.

"रोसविता, आवर बाई तुझ्या पोराला! शुक्रवारपर्यंत सुधारला नाही, तर मी काढून टाकणार त्याला."

"चार वर्षं घातलीत मी यात."

"माहितीये गं. म्हणून तर शुक्रवार म्हटलं, नाहीतर आजच काढला असता."

माझ्याशिवाय तिचा प्रबंध म्हणजे नुसते कागद. मी खरंच घाबरलो.

गुरुवारी सकाळी रोसविता कॉफीच्या यंत्रापाशी वैतागून उभी होती. "रोज काय ते दूध नको, दूध नको! दोन यंत्रं का घेत नाही आपण?"

ऑटोकारच्या तोंडात पावात घातलेल्या लेबरकेझचा, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या वडीचा, घास होता. तो गिळून ते म्हणाले, "कुणासाठी? डावीकडे तुम्ही दोघंच. त्यातला वोल्फ्राम घरून काम करतो. तुझ्या एकटीसाठी जागा कुठून आणू, आणि ते धुणार कोण?"

रोसविताने कप तसाच ठेवला आणि धावत टेबलाशी आली. कोणत्या वाटेने किती ये-जा होते, हे तिने मला कधी सांगितलंच नव्हतं! ओस वाट आणि गजबजलेली वाट मी एकाच मापाने मोजत होतो. आता तिने मला शिकवलं: फायदा बघ, वर्दळ बघ, किती जागा खाल्ली जाईल ते बघ, आणि सगळ्या प्रोग्रामला मिळून एक मर्यादा ठेव.

शुक्रवारी मी बहुतेक ठिकाणी नको म्हटलं. इतक्या वाटा ओस असतात, याचंच मला नवल वाटत राहिलं. प्रोग्राम जेमतेम वाढला, पण पळाला छान. ऑटोकारनी आकडे दोनदा तपासले.

"राहू दे त्याला," ते म्हणाले. रोसविता रडली. मला रडता येत नाही, पण तेव्हा यायला हवं होतं असं वाटलं.

आता ती ग्राझला शिकवते. परवा ऑटोकारनी तिला फोन केला.

"तुझ्या पोराची एक प्रत काढून कंपायलरच्या दुसऱ्या भागात टाकतो गं. तिथेही कामाला येईल."

"कितीदा लागेल तिथे?"

"लागेल... अधूनमधून."

"मग प्रत कशाला? तो आहे तिथेच राहू दे, लागला की हाक मारा!"

मला पुसायला निघालेला माणूस माझी प्रत मागत होता, आणि माझी आईच नको म्हणत होती. मीही हळूच हिशेब करून पाहिला. तिचं बरोबर होतं.

तेव्हा मंडळी, मला पुसू नका आणि माझी प्रतही काढू नका. हाक मारा, मी येईन.